मॉरवेनचा बॉयलर आणि वळणावरची मोरी

नेस्टा ब्रीझला आगगाडी आवडत नाही, हे वेल्श डोंगरांतल्या कुम ऑनेनच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या खोऱ्यातल्या चिमुकल्या रेल्वेचं चहाघर वर्षानुवर्षं तीच चालवत होती. कोणी छेडलंच तर म्हणे, "गाडी नाही आवडत, गाडीतून उतरलेली माणसं आवडतात. ती भुकेली असतात."

रेल्वे म्हणजे तरी काय, शिशाच्या खाणीसाठी कधीकाळी डोंगरावर चढवलेला अरुंद रूळ. खाण बंद पडली, रुळांवर ब्रॅम्बलची काटेरी झुडपं माजली, मग हौशी माणसांनी ती उपटून, स्लीपर बदलून रूळ पुन्हा जागा केला. पगार कोणालाच नाही. इंजिन चालवायला निवृत्त शाळामास्तर, तिकिटं फाडायला दंतवैद्याची बायको. उन्हाळ्यात सुट्टीवर आलेली माणसं खालच्या पाँट स्टेशनातून वर गवाइथच्या जुन्या खाणीपर्यंत जायची, मेंढ्यांचे फोटो काढायची, परत यायची आणि चहाघरात बसून तव्यावरचे मनुकांचे केक खायची. तिकिटांच्या पैशांत इंजिनाचं भाडं, कोळसा आणि विमा कसाबसा भागे. बाकीची सगळी ओढाताण चहावर.

एकदा शाळामास्तर पाहुण्यांना ऐटीत सांगत होते, "ही गाडी वाफेवर चालते बरं का."

"वाफेवरच चालते," कपबश्या पुसता पुसता नेस्टा म्हणाली, "पण माझ्या किटलीच्या."

फक्त रविवारी ती किटलीला हात लावत नसे. रविवार देवाचा. त्या दिवशी ती काळा कोट घालून बेथेल चॅपेलमध्ये जाई. तिथे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती, पण भजनं म्हणताना उंच-खालच्या पट्ट्यांतले चारही आवाज अजून लागत, आणि खालचा आवाज कमी पडला तर नेस्टा स्वतःच खाली उतरून तो भरून काढी. रविवारचं चहाघर खजिनदारांची बायको सांभाळायची. ती केक दुकानातून आणायची. सोमवारी कोणीतरी नेस्टाला हळूच सांगायचं की कालच्या केकने दात हलला. नेस्टा म्हणायची, "असं बोलू नये." पण ते बोलणाऱ्याच्या बशीत दोन केक जास्त पडायचे.

आता तिला गाडी का आवडत नव्हती ते सांगायला हवं. तिला सवत होती. सवतीचं नाव मॉरवेन.

मॉरवेन हे खाणीच्या काळातलं इंजिन. गवाइथच्या शेडमध्ये अर्धवट उघडं पडलेलं, पोटातला बॉयलर गंजला म्हणून काढून टाकलेला. नेस्टाचा नवरा इडवल खोऱ्यातला सुतार. लग्नानंतर काही वर्षांनी तो "जरा बघून येतो" म्हणून शेडमध्ये गेला आणि त्यानंतर जन्मभर दर शनिवारी जात राहिला. चाकं घासली, दांडे घासले, पितळी नावाची पाटी तर इतकी घासली की अक्षरं उथळ झाली. बॉयलर मात्र नवा हवा होता, आणि नवा बॉयलर म्हणजे एखाद्या घराची किंमत.

"पोट नसलेली बाई," नेस्टा म्हणायची, "आणि तिला दर शनिवारी नटवायला माझा नवरा."

इडवल हसायचा. तो मुळातच कमी बोलणारा. चॅपेलमध्येसुद्धा प्रार्थना म्हणायला उठवलं तर "देवा, धन्यवाद" म्हणून खाली बसायचा.

सवतीचा सगळा राग निघायचा तो मोज्यांवर. इडवल शनिवारी संध्याकाळी रुळाच्या कडेकडेने चालत घरी यायचा, कारण त्यांचं घर खोऱ्याच्या मध्यावर होतं. आला की दारातच बूट काढायचा. मोजे ओलेचिंब. नुसते ओले नव्हेत, पोटरीच्या निम्म्यापर्यंत नारिंगी, एकसारखे, जणू कोणी मोजून बुडवलेत. मेंढीच्या लोकरीचे जाड मोजे, तिने स्वतः विणलेले. रात्रभर साबणात भिजवा, चोळा, उकळा, लोकर आटायची पण रंग जायचा नाही.

"तुझ्या मॉरवेनचा गंज आहे हा," ती म्हणायची. "आतपर्यंत कसा जातो कोण जाणे. तिच्यात पाय घालून बसतोस का रे?"

"जरा ओलं होतं तिथे," इडवल म्हणायचा आणि शेकोटीपाशी पाय पसरायचा. एवढंच. ती ते मोजे मागच्या दोरीवर वाळत घालायची, पुढच्या दोरीवर घातले तर चॅपेलच्या बायका म्हणतील हिला कपडे धुता येत नाहीत.

इडवल गेला तो एका पानगळीत, फार दिवस न रेंगाळता. शेवटच्या आठवड्यात तिचा हात धरून त्याने एकच मागणं मागितलं. "मॉरवेनला वाफ आलेली बघ. माझ्या वाटची."

"बघेन," ती म्हणाली. देवासमोर म्हणाली, कारण उशाशी बायबल होतं आणि तिचा दुसरा हात त्यावर होता. मुद्दाम ठेवला नव्हता, पण होता.

तेव्हापासून सवत तिच्या गळ्यात पडली. चहाघराच्या काउंटरवर तिने एक पत्र्याचा डबा ठेवला आणि त्यावर मॉरवेनचा फोटो चिकटवला. इडवलच्या विम्याचे पैसे आले ते बॉयलरच्या निधीत घातले. त्याच्या नावाने ओळखीच्यांनी, अनोळख्यांनी पैसे पाठवले. हिवाळ्यात चहाघर बंद असे तेव्हा ती घरी केक भाजून बाजारात विकायची, तेही निधीत. इंजिन म्हटलं की माणसांचा हात आपोआप खिशात जातो, ही तिला नवलाची गोष्ट वाटायची. लहानपणी बापाने खांद्यावर बसवून दाखवलेलं काहीतरी त्यांना आठवत असावं. निधी भरत गेला, आणि एका हिवाळ्याच्या तोंडाशी खजिनदार क्लाइव्ह पार्ट्रिज यांनी तिला सांगितलं, "मिसेस ब्रीझ, भरला. वसंतात बॉयलरच्या कारखान्याला काम देऊन टाकू."

पार्ट्रिज वुल्व्हरहॅम्प्टनचे, जन्मभर कर कचेरीत काढून इथे येऊन राहिलेले. गोरापान, सौम्य माणूस. वेल्श शिकत होते, पण त्यांचं वेल्श ऐकून मेंढ्यासुद्धा मान वर करतात असं लोक म्हणत. नेस्टाला ते आवडायचे. चहाचे पैसे कधी बुडवले नाहीत, आणि बायकोचे केक कसे असतात हे माहीत असूनही तक्रार केली नाही.

त्या रात्री नेस्टाने गुडघे टेकून देवाला सांगितलं की तिचं काम होत आलंय, आता तेवढ्यापुरती तब्येत ठीक ठेव.

आणि जानेवारीत मोरी फुटली.

गवाइथच्या खालच्या वळणावर रूळ एका उंच भरावावरून जातो. त्याच्या पोटातून खाणीचं पाणी वाहून नेणारी दगडी मोरी होती. पावसाचा जोर वाढला, मोरी तुंबली, पाणी वाट सापडेना म्हणून भरावात मुरलं, आणि एका पहाटे भरावाची एक बाजूच खचून ओढ्यात गेली. रूळ हवेत लटकत राहिले, एखाद्याने शिडी आडवी टाकावी तसे. तपासनीस आला, टोपी काढून बघून गेला आणि लिहून गेला की मोरी नव्याने बांधून भराव घातल्याशिवाय वर गाडी जाता कामा नये.

गाडी वर जाणार नाही म्हणजे ईस्टरला सुरुवात होणार नाही. ईस्टर गेला की उन्हाळा गेला, आणि उन्हाळा गेला की ही रेल्वे गेली. रेल्वेच्या खात्यात विम्याचा हप्ता भरून झाल्यावर जे उरलं होतं त्यात मोरीचे नळ आणायचं गाडीभाडंसुद्धा निघालं नसतं. पैसे होते ते बॉयलरच्या निधीत. आणि त्या पैशांना हात लावता येत नव्हता. ज्याने ज्या कामाला दिले, त्याच कामाला लावायचे, हा कायदाच. नेस्टाला कायदा कोणी समजवायची गरज नव्हती. चॅपेलच्या छपरातून पाणी गळून उपदेशकाच्या टकलावर पडत होतं, तेव्हाही मिशनच्या डब्यातला पैसा कोणी छपराला लावला नव्हता.

देणाऱ्यांना विचारून, त्यांची संमती घेऊन मात्र लावता येत होते. आणि सगळ्यात आधी विचारायचं होतं ते नेस्टाला. निधी इडवलच्या नावाचा, त्यात मोठा वाटा तिचा. तिने नाही म्हटलं असतं तर बाकीच्यांना विचारायला कोणाला तोंड उरलं नसतं.

विचारायचं कोणी?

रेल्वे चालवणाऱ्या समितीची माणसं चहाघरात येऊ लागली. हिवाळ्यात चहाघर बंद असताना मागच्या दाराने येऊ लागली. शाळामास्तर आले, थंडीवर बोलले, तीन केक खाऊन गेले. तिकिटवाली बाई आली, नेस्टाच्या नव्या पडद्यांचं कौतुक करून गेली. पडदे जुने होते. पार्ट्रिज दोनदा आले आणि दोन्ही वेळा टोपी विसरून गेले, म्हणजे तिसऱ्यांदा यावं लागलं.

"ही माणसं मला खाऊन संपवणार," नेस्टा नणंदेला म्हणाली. नणंद म्हणजे इडवलची थोरली बहीण मारगेड. ओढ्यापलीकडे एकटी राहायची. "एकालाही घशातून शब्द काढता येत नाही."

"मग तूच सांग की हो म्हणून."

"मी हो म्हणणार आहे असं तुला कोणी सांगितलं?"

मारगेडने विणकाम थांबवलं. "नाही म्हणणार आहेस?"

"मी त्याला शब्द दिलाय."

"त्याला जाऊन किती वर्षं झाली, नेस्टा."

"तो गेला म्हणून शब्द जात नाही. देव गेलेला नाही."

"माझा भाऊ इतका हट्टी नव्हता. हट्टी होतीस तू," मारगेड म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या माथी खोटं मारायची सवय तुझी जुनीच. माझ्यावर दाताळ्याचा आळ घेतलास, तो अजून उतरवला नाहीस."

दाताळ्याची गोष्ट जुनी होती. नेस्टाच्या बागेतलं पालापाचोळा ओढायचं चांगलं बीचच्या दांड्याचं दाताळं एकदा नाहीसं झालं. त्या आठवड्यात मारगेड कोबीची रोपं न्यायला येऊन गेली होती. नेस्टा तोंडाने काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी मारगेडच्या बागेतून हिंडून आली, आणि ती कशाला हिंडली हे मारगेडने ओळखलं. तेव्हापासून दोघींच्यात दाताळं उभंच होतं.

शेवटी पार्ट्रिज टोपी न्यायला आले आणि या खेपेला टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मिसेस ब्रीझ, मला एक विचारायचंय. विचारायला मला फार जड जातंय."

"कळतंय. तुमचा चहा गार झालाय."

"बॉयलरच्या निधीतून मोरी बांधली तर..." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नंतर पुन्हा गोळा करू. दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त."

"दहा वर्षांनी मी कुठे असेन, मिस्टर पार्ट्रिज?"

त्यांनी खाली बघितलं. खरं तेच होतं, आणि तिच्या तोंडून ते निघालं याचं तिला त्यांच्याइतकंच वाईट वाटलं.

"माणसं मोरीला पैसे देत नाहीत," ते हळूच म्हणाले. "मी पत्रकात टाकून पाहिलं. एका बाईंनी एक तिकीट पाठवलंय, पोस्टाचं. न वापरलेलं."

"मी नाही म्हणते," नेस्टा म्हणाली. "मला माफ करा. शब्द दिलेला आहे."

ते गेले. टोपी घेऊन गेले. म्हणजे आता परत येणार नाहीत, हे तिच्या लक्षात आलं.

रविवारी चॅपेलमध्ये ती बराच वेळ डोळे मिटून बसली. देवाकडून तिला मार्ग हवा होता. मिळालं ते एवढंच की पुढच्या बाकावर रुळावरच्या टोळीचा म्होरक्या हेव्हिन बसला होता. निवृत्त धनगर, हाडापेराने धिप्पाड, बहिऱ्या कानाचा. त्याचे दोन्ही हात थंडीने फुटले होते. रुळावरची टोळी म्हणजे हेव्हिन आणि आणखी दोन म्हातारे. इंजिनावर उभं राहायला रांग लागते, पण खाली वाकून दगड उचलायला ही तिघंच. शनिवार-रविवार सोडून रोज ते खचलेल्या भरावाचे दगड ओढ्यातून काढून रचून ठेवत होते. पैसे नसले तरी दगड तरी तयार असावेत म्हणून.

शनिवारीही ते येणार आहेत, असं हेव्हिन चॅपेलच्या दारात कोणाला तरी सांगत होता. त्या शनिवारी नेस्टाने थर्मास भरला, केक फडक्यात बांधले आणि रुळाच्या कडेने वर चालत निघाली. नाही म्हटलं म्हणून काय झालं, माणसांना चहा तर द्यायला हवा. आयुष्यात ती रुळावरून इतकी वर कधी गेली नव्हती. सवतीच्या घराची वाट होती ती.

वळणावर हेव्हिन एकटाच होता, दुसरे दोघं नळ पाहायला खाली गेले होते. त्याने कप दोन्ही हातांत धरला.

"ही मोरी कधी दगा द्यायची नाही, नेस्टा," तो म्हणाला. कानाने अधू असल्यामुळे तो वारा असो नसो, मोठ्यानेच बोलायचा. "आम्ही कधी हात लावला नाही हिला. बाकीच्या सगळ्या तुंबायच्या, ही नाही. म्हणून तर बघितली नाही. आणि मग या काही वर्षांत एवढी भरली? मला अजून कळत नाही."

नेस्टा खाली बघत होती. खाणीचं पाणी भरावाच्या फुटलेल्या तोंडातून बाहेर येत होतं. नारिंगी. दगडांवर, गवतावर, हेव्हिनच्या बुटांवर तोच रंग, त्याच जातीचा, जो तिने वर्षानुवर्षं दर सोमवारी साबणात चोळला होता.

"हेव्हिन, मॉरवेनमध्ये पाणी होतं का रे कधी?"

"काय?"

"पाणी. मॉरवेनमध्ये."

"बॉयलर नसलेल्या इंजिनात पाणी कुठून येणार? कोरडी ठणठणीत आहे ती. इडवल तेल लावायचा ना."

तिने थर्मास दगडावर ठेवला. स्कर्ट गुडघ्याशी धरून भरावाच्या उतारावरून खाली उतरू लागली. हेव्हिन वरून ओरडला की अगं पडशील, तर ती म्हणाली, "पडू दे." मोरीच्या वरच्या तोंडाशी जुनी लोखंडी जाळी होती, आता पालापाचोळ्याने आणि नारिंगी चिखलाने गच्च भरलेली. जाळीच्या बाजूच्या भिंतीत एक दगड निखळून कोनाडा झाला होता, आणि त्या कोनाड्यात आडवं सारून ठेवलेलं होतं दाताळं. बीचच्या दांड्याचं. दांडा हाताने धरून धरून गुळगुळीत झालेला, दातांवर नारिंगी खपली.

ती ते हातात घेऊन उभी राहिली. पाणी बुटांवरून आत शिरलं, पोटरीच्या निम्म्यापर्यंत आलं. बर्फासारखं गार. तिला बाहेर यायचं सुचलं नाही.

हेव्हिन धडपडत खाली आला. दाताळं बघितलं, तिच्याकडे बघितलं. त्याला कान कमी असले तरी हे ऐकू आलं.

"दर शनिवारी," नेस्टा म्हणाली. "घरी येताना."

"कोणाला बोलला नाही."

"तो कुठे बोलायचा."

"आणि आम्ही म्हणायचो मोरी चांगली आहे," हेव्हिन म्हणाला.

नेस्टाने दातांवरची खपली अंगठ्याने खरवडली. मग हेव्हिन म्हणाला, "नेस्टा, बाहेर ये, नाहीतर तुला तिथेच पुरावं लागेल," आणि तिला हात धरून वर ओढलं.

खाली घरी न जाता ती वर शेडमध्ये गेली. शेडमध्ये तेलाचा वास होता, इडवलच्या कोटाला यायचा तोच. मॉरवेन कापडाखाली झाकलेली होती. नेस्टाने कापड थोडं बाजूला केलं. पाटी दिसली, उथळ अक्षरांची.

"तुझ्यावर उगाच आळ घेतला," ती म्हणाली. "मोज्यांवरचा रंग तुझा नव्हता."

मग तिथल्याच बाकावर बसून तिने प्रार्थना केली. काय म्हणाली ते तिने कोणाला सांगितलं नाही. पण घरी येताना ती आधी ओढा ओलांडून मारगेडकडे गेली. दारात उभी राहिली, हातात दाताळं, पाय नारिंगी.

मारगेड बघतच राहिली. "कुठे होतं?"

"तुझ्या भावाकडे."

मारगेडने तिला आत घेतलं, बूट काढायला लावले, शेकोटीपाशी बसवलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मेला कुठला! मला एवढी वर्षं चोर ठरवलं." मग दोघी हसू लागल्या, आणि हसता हसता नेस्टाला रडू आलं.

सोमवारी तिने पार्ट्रिजना बोलावलं. त्यांनी या वेळी टोपी आणलीच नव्हती.

"माझी संमती आहे," ती म्हणाली. "पण ज्याने ज्याने दिलं त्या प्रत्येकाला विचारा. ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठी दारावर पाटी लावा. एकाचाही पैसा न विचारता नको. आणि मोरी झाली तरी मॉरवेनचा डबा काउंटरवरून काढायचा नाही. मी शब्द मोडत नाहीये, मिस्टर पार्ट्रिज. लांबवतेय. मॉरवेनला वाफ आली आणि खाली रूळच नसले, तर ती जाणार कुठे? हे मला आधी कळायला हवं होतं."

पार्ट्रिज काहीतरी वेल्शमध्ये म्हणाले. तिला ते नीट कळलं नाही, पण डोळ्यांवरून अंदाज आला.

पत्रं गेली, त्यांत इडवलच्या दाताळ्याची गोष्ट लिहून. उत्तरं येत राहिली, बहुतेक हो म्हणणारी. काहींनी तर वर थोडे जास्तच धाडले, आता त्यांना मोरी म्हणजे काय ते कळलं होतं. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्याही नवऱ्याला घरात येताना ओले पाय आणायची सवय होती. फक्त ब्रेकनच्या एका म्हाताऱ्याने कळवलं की आपले पाच पौंड मॉरवेनचेच आहेत, मोरीला एक पेनीही देणार नाही. नेस्टाला तो माणूस फार आवडला. त्याचे पाच पौंड पार्ट्रिजनी बॉयलरच्या निधीत जसेच्या तसे ठेवले. निधीत आता तेवढेच होते.

मोरी ईस्टरच्या आत झाली. दगड हेव्हिनच्या टोळीने आधीच रचून ठेवल्यामुळे ठेकेदाराचं काम निम्म्यावर आलं. समितीच्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला की मोरीवर इडवलच्या नावाची पाटी लावावी. शाळामास्तर म्हणाले, मोरीवर कोणी पाटी लावतं का. हेव्हिन म्हणाला, "काय?" आणि त्याला पुन्हा सांगायची वेळ आली तेव्हा शाळामास्तरांना ते मोठ्याने बोलवेना. पाटी लागली. पण ती खाली, जाळीशी, जिथे गाडीतल्या कोणालाच दिसणार नाही. नेस्टाने तसंच सांगितलं होतं.

मग पार्ट्रिजनी कामांची वाटणी वाचली. इंजिनावर कोण, सिग्नलवर कोण. "वळणावरची मोरी, दर शनिवारी साफ करणे," ते म्हणाले आणि थांबले. खोलीत सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"माझं नाव घाला," नेस्टा म्हणाली.

"तुझं वय काय, नेस्टा," मारगेड मागून म्हणाली. ती सभेला कधी येत नसे, त्या दिवशी आली होती.

"तुझ्याहून कमी. तुझंही नाव घालू का?"

"मी फक्त बघायला येईन," मारगेड म्हणाली. "दाताळं चोरीला जातं तिथून."

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, चहाघर तिकिटवालीवर सोपवून नेस्टा वर गेली. जाळीशी उभी राहून तिने पहिला पाला ओढला. वरून शिट्टी आली. गाडी भरावावरून जाऊ लागली, भाड्याच्या इंजिनाची, पण गाडी होती. तिच्या डोक्यावरून डबे गेले, कोणाचं तरी मूल खिडकीतून हात हलवत गेलं, आणि धूर खाली उतरून ओढ्यावर रेंगाळला. खालचं पाणी जाळीतून सुळसुळत निघून गेलं, जसं जायला हवं तसं.

रात्री तिने मोजे साबणात भिजवले. सकाळी ईस्टर, देवाचा दिवस, म्हणून तिने ते रात्रीच चोळून घेतले. फार चोळले नाहीत. सोमवारी पुढच्या दोरीवर घातले, रस्त्यावरून दिसतील असे.